मधला माणूस नको होता तेव्हा

१९९९ साली शॉन फॅनिंग या कॉलेजात शिकणाऱ्या अमेरिकन पोराने गाण्यांची देवाणघेवाण करणारं नॅपस्टर आणलं. गाणी लोकांच्याच संगणकांवर होती, पण कुणाकडे काय आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर होती. गाण्यांच्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि जुलै २००१ मध्ये यादी बंद पडली. यादी गेल्यावर उरलं काय?

न्युटेला या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरने तोवर यादीच काढून टाकली होती. मार्च २००० मध्ये ते बाहेर आलं. ते बनवणाऱ्यांची मालक कंपनी एओएलने ते लगेच मागे घ्यायला लावलं, पण सुटलं ते सुटलंच. इथे चौकशी शेजारच्या संगणकाला, त्याने ती पुढच्याला, अशी साधारण सात घरं फिरायची. गावात बातमी पसरते तशीच, आणि तितकाच गोंगाट. डायलअपवाले तर दुसऱ्यांच्या चौकशा वाहूनच थकले.

खरी अक्कल २००२च्या कॅडेम्लिया या शोधण्याच्या पद्धतीत दिसली. प्रत्येक संगणकाला आणि प्रत्येक वस्तूला १६० बिटांचा क्रमांक. वस्तूच्या क्रमांकाला ज्यांचा क्रमांक सर्वांत जवळचा, तिचा पत्ता त्यांनी सांभाळायचा. शोधताना दर पायरीला अंतर निम्मं होतं, म्हणून दहा लाख संगणकांतही विसेक पायऱ्या पुरतात. प्रत्येक संगणकाकडची ओळखीच्यांची वही भरली की नव्या पाहुण्यासाठी जुन्याला हाकलायचं नाही, जोवर तो हाकेला ओ देतोय तोवर! कारण न्युटेलाच्या मोजणीत दिसलं होतं की जो बराच वेळ टिकलाय तो पुढचा तासही टिकण्याची शक्यता जास्त. ब्रॅम कोहेनचं फाइली वाटणारं बिटटॉरंट २००१चं. त्याचीही भिस्त आधी ट्रॅकर नावाच्या मधल्या सर्व्हरवर होती. २००५ साली त्याने हीच क्रमांकांची युक्ती उचलली.

स्काइपची गोष्ट उलटी. परदेशातल्या मुलांशी बोलायला पुण्या-मुंबईच्या किती घरांनी ते वापरलं! २००३च्या त्या स्काइपमध्ये तगडे संगणक 'सुपरनोड' होऊन इतरांची सोय बघायचे, मालकाला पत्ताही नसायचा. ऑगस्ट २००७ मध्ये विंडोजच्या अपडेटनंतर असंख्य संगणक एकदम रीस्टार्ट झाले, आणि स्काइप जवळपास दोन दिवस आडवं. पुढे मोबाइल आले. बॅटरी जपणारा फोन कुणासाठी राबणार? २०१२ मध्ये, तोवर स्काइपची मालक झालेल्या मायक्रोसॉफ्टने सुपरनोड स्वतःच्या सर्व्हरवर नेले. मे २०२५ मध्ये स्काइप बंदच झालं.

बिटटॉरंट चालू आहे. मात्र नवं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की पहिला शेजारी गाठायला दोन-चार ठरलेले पत्ते त्यात बहुधा आधीच लिहिलेले असतात.