तळे बुजवून डेंग्यू जाईल का?

परवा दवाखान्यात एक गृहस्थ अर्ज घेऊन आले. त्यांच्या मुलाला नुकताच डेंग्यू होऊन गेला. पेठेमागच्या तळ्यात पावसाचे पाणी साठते, तेथे डास होतात, सबब नगरपालिकेने मुरूम टाकून तळे बुजवावे, असा मजकूर. खाली पन्नासएक सह्या. त्यात डॉक्टरची सही हवी होती. मी केली नाही. त्यांना कारण तोंडी सांगितले, तेच येथे लिहितो.

डास सगळे एका जातीचे नसतात. डेंग्यू पसरवणारा एडिस. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात आणि तो दिवसा चावतो. मोठ्या तळ्यात तो सहसा अंडी घालीत नाही. त्याला आपल्या घरचे साठवलेले पाणी आवडते : पिंप, रांजण, कूलर, गच्चीवरचे जुने टायर. शिवाय तो फार लांब उडत नाही, काही शे मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. मी त्या गृहस्थांबरोबर त्यांच्या घरी गेलो. नळाला दोन दिवसांआड पाणी येते, त्यामुळे मोरीतले पिंप कधी तळापर्यंत रिकामे होत नाही. बॅटरीच्या उजेडात वळवळणाऱ्या अळ्या वहिनींनी स्वतः पाहिल्या आणि पदर तोंडाला लावला.

याचा अर्थ तळे निर्दोष आहे असा नव्हे. संध्याकाळी कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो; हत्तीरोग पसरवणारा तोच. हिवतापाचा अॅनॉफेलीस कडेच्या गवतातले संथ, स्वच्छ पाणी शोधतो. पण वाऱ्याने हलणारे, मासे असलेले खोल पाणी दोघांनाही मानवत नाही. अळीला श्वासासाठी पृष्ठभागावर यावे लागते. तेथे लाटा असतात आणि खाली मासे टपलेले असतात.

आमच्या तळ्याचे बिघडले ते गटार त्यात सोडल्यापासून. मैला व साबणाचे पाणी आले की पाण्यातला प्राणवायू घटतो. मासा गुदमरून मरतो. अळी मरत नाही, कारण ती हवा वरून घेते. म्हणजे पाणी घाण झाले की राखणदार जातो आणि चोर राहतो! त्यात निर्माल्य, प्लॅस्टिकच्या पिशव्या, जलपर्णी. या सगळ्याच्या आडोशाला पाणी हलतही नाही.

काही उत्साही मंडळी जळालेले ऑईल ओततात. तवंगाने अळ्या गुदमरतात हे खरे, पण इतर जीवही मरतात. तवंग फाटला की पहिले परततात ते डासच. तळ्यात गप्पी मासे सोडावेत का, असेही विचारतात. बंदिस्त हौदात जरूर सोडा. ओढ्याला जोडलेल्या तळ्यात नकोत. तेथून ते बाहेर पडून मूळच्या माशांना त्रास देतात. पाणी सुधारले तर गावचे मासे पुरे आहेत.

आणि तळे बुजवले तर पावसाचे पाणी जाईल कुठे? उतार तोच राहणार. ते रस्त्यात, परसात, पायाच्या खड्ड्यांत साचेल. अंड्यापासून डास व्हायला पावसाळ्यात साधारण ७ ते १० दिवस लागतात. तेवढे दिवस टिकणारी, मासे नसलेली शंभर डबकी आपण तयार करू. भोवतालच्या विहिरींचे पाणी उतरेल ते वेगळेच.

आम्ही दोघांनी बसून अर्ज पुन्हा लिहिला. गटार तळ्यापासून वळवावे, कडेचे गवत व जलपर्णी काढावी, उथळ काठ खोल करावा, निर्माल्यासाठी कुंड ठेवावे, संडासाच्या व्हेंट पाईपांना जाळ्या बसवाव्यात. गृहस्थांनी पिंप रिकामे केले. नुसते रिकामे करून भागत नाही. एडिसची अंडी आतल्या कडेला चिकटून कोरडी महिनोन् महिने तग धरतात. आठवड्यातून एकदा काथ्याने घासावे लागते. त्यांनी रविवार ठरवला आहे.

नवा अर्ज दवाखान्यात ठेवला आहे. पहिली सही माझी आहे. ज्यांना करायची असेल त्यांनी सायंकाळी सहानंतर यावे.