सांधा न दिसणारे जोडचित्र

क्षितिजाचा मोठा पट्टा एकाच छायाचित्रात आणायचा, तर अतिरुंद भिंग वापरण्याचा मार्ग असतो. पण त्यात दूरची शिखरे इवलीशी होतात आणि त्यांचा तपशील हरपतो. म्हणून एकाच जागेवरून कॅमेरा टप्प्याटप्प्याने वळवत अनेक छायाचित्रे टिपायची आणि ती जोडून पॅनोरामा, म्हणजे विस्तीर्ण दृश्याचे सलग चित्र, तयार करायचे ही रीत छायाचित्रकारांनी फार पूर्वीच स्वीकारली. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका टेकडीवरून त्या शहराचे चहूबाजूंचे दृश्य १३ काचांवर टिपले आणि छापलेल्या प्रती शेजारी शेजारी लावल्या.

तथापि छायाचित्रे नुसती कडेला कड लावून तंतोतंत जुळत नाहीत, आणि याचे कारण भूमितीत आहे. प्रत्येक छायाचित्र हे त्रिमितीय दृश्याचे एका सपाट प्रतलावर पडलेले प्रक्षेपण असते. कॅमेरा वळला की ते प्रतलही वळते, आणि एकाच छपराची रेषा दोन चित्रांत निरनिराळ्या कोनांत उतरते. त्यामुळे सॉफ्टवेअरला प्रत्येक चित्र ताणून, कलवून एका चौकटीत बसवावे लागते, आणि त्यासाठी दोन्ही चित्रांतील समाईक बिंदू आधी ओळखावे लागतात.

हा प्रश्न कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या 'सिफ्ट' या पद्धतीने बराचसा सुटला. तीत चित्रातील ठळक जागा निवडून त्यांच्या भोवतालच्या छायाप्रकाशाचे वर्णन १२८ संख्यांत अशा रीतीने केले जाते, की चित्र फिरले किंवा लहानमोठे झाले तरी ते वर्णन फारसे बदलत नाही. एकसारख्या खिडक्यांच्या रांगेत मात्र चुकीच्या जोड्या जमतातच. त्या गाळण्यासाठी फिशलर आणि बोल्स यांची १९८१ ची 'रॅन्सॅक' पद्धत उपयोगी पडते: कोणत्याही चार जोड्या यदृच्छेने उचलून त्यांवरून चित्राचे रूपांतर काढायचे, उरलेल्यांपैकी किती जोड्या त्याला दुजोरा देतात ते मोजायचे, आणि असे वारंवार करून सर्वाधिक दुजोरा मिळालेले रूपांतर स्वीकारायचे. चुकीच्या जोड्यांचे आपसांत सहसा एकमत होत नाही, या साध्या निरीक्षणावर ही पद्धत उभी आहे आणि तेच तिचे सौंदर्य आहे.

सॉफ्टवेअर कितीही कुशल असले तरी या गणिताला एक अट असते: कॅमेरा वळावा, पण सरकू नये. माणूस कॅमेरा हातात धरून स्वतःभोवती वळतो तेव्हा भिंगाची जागा बदलते, आणि जवळचा कठडा मागच्या डोंगराच्या तुलनेत सरकलेला दिसतो. यालाच पराशय म्हणतात. मग डोंगर जुळवला तर कठडा तुटतो आणि कठडा जुळवला तर डोंगर दुभंगतो. सगळेच दृश्य दूरचे असेल तर हा दोष जाणवत नाही. जवळच्या वस्तू असतील तेव्हा मात्र, समोरून पाहिले असता भिंगातील छिद्र ज्या जागी भासते त्या बिंदूतून वळणाचा अक्ष जाईल, अशा बेताने कॅमेरा ट्रायपॉडवर बसवावा लागतो. लगतच्या चित्रांत पाव ते एकतृतीयांश भाग समाईक ठेवणे, एक्स्पोजर आणि फोकस न बदलणे ही पथ्ये त्यामानाने सोपी आहेत. सूर्य मात्र थांबवता येत नाही. नासाच्या क्युरिऑसिटी या यानाने २०१९ च्या अखेरीस मंगळावर टिपलेल्या एक हजाराहून अधिक चित्रांतून १.८ अब्ज पिक्सेलचा पॅनोरामा घडला, तेव्हा प्रकाश सारखा राहावा म्हणून हे काम चार दिवस केवळ तेथील दुपारी बारा ते दोन या वेळात केले गेले.

जोडणीनंतर उरतो तो गोल दृश्य सपाट करण्याचा निर्णय. सपाट प्रक्षेपणात सरळ रेषा सरळच राहतात, पण दृश्य १२० अंशांच्या आसपास पोहोचले की कडा फार ताणल्या जातात. दंडगोलाकृती प्रक्षेपणात पूर्ण ३६० अंश मावतात आणि उभ्या रेषाही सरळ राहतात, मात्र क्षितिजाच्या वरखालच्या आडव्या रेषा वाकतात. अनेक सॉफ्टवेअर हा निर्णय आपणहून घेतात. परंतु चित्र वाड्याच्या दर्शनी भिंतीचे असेल, तर तो छायाचित्रकाराने स्वतः घेणेच इष्ट, कारण भिंतीच्या रेषा सरळ होत्या हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसते.