संगणकाचे चवदार तळे

हिंजवडीचा आयटी पार्क मुळशी तालुक्यात येतो. तिथे जगभरासाठी सॉफ्टवेअर लिहिले जाते. याच मुळशीत १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तरी गावे बुडालीच. आज त्या चकचकीत इमारतींत पहारा देणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या आमच्या बांधवांच्या मुलांच्या हाती संगणक कधी येणार?

पैसा नाही, हे उत्तर आता पुरे झाले. २००७ साली सह्याद्रीपलीकडे रायगड जिल्ह्यातील खैरात गावच्या छोट्या शाळेत मुलांना स्वस्त लॅपटॉप मिळाले. ते लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालत. केरळने तर सरकारी शाळांतील संगणक शिक्षणच मुक्त प्रणालीवर उभे केले. २०१५ साली केंद्र सरकारनेही मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले.

मुक्त प्रणालीचा परवाना आम्ही वकिलाच्या नजरेने वाचतो. वापरा, आतून तपासा, बदला, दुसऱ्याला द्या, असे चार हक्क तो देतो. जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. मात्र सावध राहिले पाहिजे. अँड्रॉइड फोनचा पाया लिनक्सचा असला, तरी त्यावरचे दुकान गुगलचे आहे. पाया खुला असला म्हणून घर आपले होत नाही.

आणि कागदावरचा हक्क म्हणजे हातातला हक्क नव्हे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केले. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना स्वतः जाऊन पाणी प्यावे लागले!

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. नवी विंडोज न पेलणारे कितीतरी धडधाकट लॅपटॉप त्यामुळे भंगारात निघतील. त्यांवर हलके लिनक्स आरामात चालते, मराठीतही चालते. कंपन्यांनी आपली माहिती पुसून ही यंत्रे विहारांना, समाजमंदिरांना द्यावीत. आमच्या अभियंता तरुणांनी रविवारचे दोन तास द्यावेत. विहारात संगणक कशाला, असे विचारणाऱ्यांनी नालंदा आठवावी.

तळे खुले आहे. ओंजळ आपणच भरायची आहे.

जय भीम!