गाणे राहते कोठे?

आज आधी एक छोटा प्रयोग करू. गाणी ऐकवणाऱ्या एखाद्या ॲपवर, पूर्वी कधीही न लावलेले गाणे मोबाइलवर लावा. दहा-पंधरा सेकंद झाली की मोबाइल डेटा आणि वाय-फाय दोन्ही बंद करा. गंमत अशी, की गाणे लगेच थांबणार नाही. थोडा वेळ, कधी कधी तर शेवटपर्यंत, ते चालूच राहील. आता दुसरे नवे गाणे लावून पाहा. मोबाइल मुकाट बसेल!

असे का झाले? गाणे तुमच्या मोबाइलमध्ये नव्हतेच. ते दूर कोठेतरी ठेवलेल्या संगणकावर आहे. तेथून त्याचे लहान लहान तुकडे येतात आणि ऐकणाऱ्याच्या थोडे पुढे जाऊन मोबाइलच्या स्मृतीत थांबतात. या तात्पुरत्या साठ्याला ‘बफर’ म्हणतात. नळाचे पाणी गेले तरी गच्चीवरची टाकी थोडा वेळ पुरते, तसाच हा प्रकार. गाणे असे वाहत वाहत येते, म्हणून या पद्धतीला ‘स्ट्रीमिंग’ हे नाव पडले.

आता नळ सोडून परसातल्या विहिरीकडे वळू. ७८ फेऱ्यांची जुनी ध्वनिमुद्रिका तुम्ही पाहिली आहे का? गायकाच्या आवाजाने हवा कंप पावते. त्या कंपनांबरहुकूम नागमोडी खाच तबकडीवर उमटवलेली असते. मिनिटाला ७८ फेरे आणि एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचे गाणे, म्हणजे झाले २३४ फेरे. दहा इंची तबकडीवरच्या एका फेऱ्याची सरासरी लांबी अर्धा मीटर धरली, तर खाचेची लांबी सुमारे ११७ मीटर भरते! अशी एखादी निकामी तबकडी मिळाली, तर कागदाचा शंकू करून त्याच्या टोकाला शिवणाची सुई बसवा आणि तबकडी फिरवून सुई खाचेत अलगद टेकवा. वीज नाही, कर्णा नाही, तरी कागद गाऊ लागेल. (चांगल्या तबकडीवर मात्र हा प्रयोग मुळीच करू नका. आजोबा रागावतील, आणि ते योग्यच होईल.)

१९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने, म्हणजेच सीडीने, खाचेऐवजी आकडे साठवले. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचे. डाव्या-उजव्या कानांसाठी हे दोनदा करायचे. गुणाकार करून पाहा: सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. या हिशेबाने चार मिनिटांच्या गाण्याला सुमारे ४२ मेगाबाइट जागा लागते. स्ट्रीमिंगमध्ये सेकंदाला १,६०,००० बिट पाठवले, तर तेच गाणे पाच मेगाबाइटांत मावते. मग उरलेले गेले कोठे? ढोल वाजत असताना शेजारची कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही. कानाच्या या मर्यादेचा अभ्यास करून, मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारकावे संगणक वगळून टाकतो. युक्ती मोठी हुशारीची आहे. बहुतेकांना फरक कळतही नाही, म्हणून त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तुम्ही म्हणाल, “पण सर, मी तर ॲपमध्ये गाणे डाउनलोड करून ठेवले आहे!” ठेवले आहे खरे, पण ते कुलूपबंद आहे. फाइल सांकेतिक लिपीत असते आणि तिची किल्ली ॲपच्या ताब्यात असते. वर्गणी संपली की कुलूप उघडत नाही. काही सेवांमध्ये तर वर्गणी चालू असली तरी महिन्यातून एकदा इंटरनेटला जोडावेच लागते. तबकडी विकत घेणाऱ्यालाही गाण्याच्या प्रती काढून विकण्याचा हक्क मिळत नसे, हे खरे. पण हातातली तबकडी कोणी परत नेत नसे.

हे नुसते तर्क नाहीत. स्पॉटिफाय ही सेवा २०१९ च्या फेब्रुवारीत भारतात आली. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा मोठा साठा सारेगामा या कंपनीकडे आहे. दोघांचा करार जमला नाही आणि एप्रिलमध्ये ती गाणी तेथून गेली. २०२० साली करार झाला, तेव्हा ती परतली. मधल्या काळात वर्गणीदार तेच होते, मोबाइल तेच होते. गाणी मात्र नव्हती. मायस्पेस या संकेतस्थळाची गोष्ट याहून वाईट. लोकांनी तेथे चढवलेली काही वर्षांपूर्वीची गाणी सर्व्हर बदलताना नष्ट झाली, असे २०१९ मध्ये जाहीर झाले. ज्यांनी आपल्याजवळ प्रत ठेवली नव्हती, त्यांच्यापैकी बहुतेकांची गाणी कायमची गेली.

याच्या उलट १९०२ सालची गोष्ट पाहा. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कलकत्त्यात फ्रेड गायसबर्ग या तंत्रज्ञाने गायिका गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीतील हॅनोव्हरला. तेथील कारागिरांना गाणे कोणाचे ते कळावे, म्हणून गौहरजान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत सांगत. आज एकशेवीसहून अधिक वर्षांनंतरही आपण तो आवाज ऐकू शकतो. का? कारण एकेका गाण्याच्या अनेक प्रती निरनिराळ्या घरांत विखुरल्या होत्या. पुष्कळ फुटल्या, पण सगळ्या एकाच दिवशी फुटल्या नाहीत! मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या संस्थेसारख्या मंडळींनी अशाच वाचलेल्या तबकड्या जपल्या.

म्हणून नवे गाणे शोधायला, चाखून पाहायला स्ट्रीमिंग उत्तमच. महिन्याच्या वर्गणीत एवढी गाणी आपल्यापैकी कोण विकत घेऊ शकला असता? परंतु जे गाणे तुम्हाला वीस वर्षांनीही हवे आहे, त्याची सीडी किंवा कुलूप नसलेली फाइल रीतसर विकत घ्या, असे मी सांगेन. फाइल असेल तर ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, कारण हार्ड डिस्कही एक दिवस दगा देते.

घरातल्या माळ्यावर तबकड्या सापडल्या, तर त्या उभ्या ठेवा आणि उन्हापासून जपा. ७८ च्या तबकड्यांत लाख असते. लाखेच्या किड्यांपासून मिळणारी ही लाख उष्णतेने मऊ होते. सीडीबाबत मात्र लोकांचा एक समज उलटा असतो. चकचकीत बाजूवरचे बारीक ओरखडे बरेचदा चालून जातात, कारण हरवलेले बिट गणिताने भरून काढण्याची सोय सीडीत आहे. खरी नाजूक आहे ती नाव छापलेली बाजू. प्रकाश परावर्तित करणारा धातूचा थर तिच्या अगदी खालीच असतो. तेव्हा त्या बाजूवर टोकदार पेनाने काही लिहू नका.