मिठाचा रंग आणि ताऱ्यांमधला वायू

मीरा रोड-भाईंदरच्या खाडीकाठची मिठागरे फार जुनी. एका संध्याकाळी आम्ही मीरा रोडला एका मिठागर कामगाराच्या घरी बसलो होतो. काकूंनी गॅसवर भात ठेवला होता. भाताचे मीठपाणी उतू गेले आणि निळी ज्योत एकदम पिवळी झाली!

"असं का होतं हो?" काकांनी विचारले.

प्रश्न साधा आहे, पण उत्तर पार ताऱ्यांपर्यंत जाते. ऐका तर.

मिठात सोडियम नावाचा पदार्थ असतो. तो तापला की पिवळा उजेड देतो. दुसरे पदार्थ दुसऱ्या रंगांचा उजेड देतात. अंधारात माणूस दिसला नाही, तरी आवाजावरून आपण त्याला ओळखतो ना? तसाच पदार्थ रंगावरून ओळखता येतो.

लोलक म्हणजे तीन बाजूंची काच. तिच्यातून उजेड गेला, की इंद्रधनुष्यासारखे रंग वेगळे होतात. ताऱ्याचा उजेड असा फोडला, तर रंगांच्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. सोडियमच्या पिवळ्या रंगाच्या जागी रेघ दिसली, तर काय समजावे? सोडियमने तेवढा रंग गिळला. सोडियम जास्त, तर रेघ जास्त गडद.

१९१९ साली अमेरिकेत मेरी हेगर या बाईंनी अशी रेघ तपासली. तारा जवळ आला किंवा दूर गेला, की त्याच्या रेघा सरकतात. ही रेघ मात्र जागची हलेना! म्हणजे हे सोडियम ताऱ्यात नव्हते, वाटेतल्या वायूत होते. ताऱ्यांमधली जागा अगदी रिकामी नाही.

या वायूत सर्वांत जास्त असतो हायड्रोजन. थंड हायड्रोजन डोळ्यांना दिसत नाही. पण तो रेडिओची लहर सोडतो. ती २१ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे वीतभर लांब असते.

अशा लहरी टिपणारी मोठी दुर्बीण आपल्या पुणे जिल्ह्यात आहे, नारायणगावजवळ खोडदला. तिच्या ३० तबकड्या आहेत. एकेक तबकडी ४५ मीटर रुंद! गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली.

आपली आकाशगंगा म्हणजे ताऱ्यांचा मोठा मेळा. असे मेळे पुष्कळ आहेत. त्यांना दीर्घिका म्हणतात. दूरच्या दीर्घिकेची लहर फार क्षीण असते. म्हणून पुण्याच्या आणि बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी ७,६५३ दीर्घिकांच्या लहरी एकत्र केल्या. थेंब थेंब जमवून घागर भरावी, तसे. २०२० साली त्यांनी निकाल सांगितला. ही लहर सुमारे ८०० कोटी वर्षे वाटेत होती. विश्व पसरत आहे, म्हणून ती ताणली गेली. निघताना वीतभर होती, पोचताना जवळजवळ हातभर झाली.

तिच्यावरून काय कळले? त्या काळी दीर्घिकांत वायू भरपूर होता. पण तारे इतक्या झपाट्याने घडत होते, की तो साठा १०० ते २०० कोटी वर्षांतच संपला असता. कणगी भरलेली, पण खाणारी तोंडे फार! नवा वायू पुरेसा आला नाही, म्हणून पुढे ताऱ्यांचा जन्म मंदावला असावा.

आपला सूर्यही अशाच वायूतून जन्मला. तो नसता, तर मिठागरातले पाणी कोणी आटवले असते?

काका हसून म्हणाले, "म्हणजे उजेड वाचायला शिकलं पाहिजे!"

होय. अक्षरे वाचतो, तसाच उजेडही वाचता येतो.