मागचा दिवा लागतोय ना?

गेल्या वर्षी जुलैतली गोष्ट. कराडहून चिपळूणला, माझ्या माहेरी निघालो होतो. गाडी आमची जुनी मारुती ८००. मामंजींनी १९९८ साली हौसेनं घेतलेली. कुंभार्ली घाट उतरताना पाऊस कोसळत होता, त्यात धुकं. मागून एक ट्रक सारखा हॉर्न देत होता. “एवढी घाई असेल तर उडून जा म्हणावं!” ह्यांचा पारा चढलेला. पोफळीला चहाला थांबलो, तर ट्रकवालाही मागोमाग थांबला. म्हटलं, आता जुंपणार. पण तो शांतपणे ह्यांना म्हणाला, “दादा, तुमचा ब्रेकचा दिवा लागत नाही. तीनदा तुमच्या अंगावर आलो असतो.”

मागच्या सीटवर दोन्ही मुलं झोपलेली होती. तो चहा माझ्या घशाखाली उतरला नाही.

गंमत अशी, की स्वतःच्या गाडीचा मागचा दिवा स्वतःला कधीच दिसत नाही. समोरचा दिवा गेला तर रस्ता अंधारतो, कळतं. मागचा गेला तर आपण आरामात गाडी चालवत असतो आणि जीव मुठीत असतो तो मागच्याचा. चिपळूणला भावानं पाहिलं तर दोन्ही बाजूंचे ब्रेकचे बल्ब गेलेले! दोन्ही एकदम जात नाहीत, मैत्रिणींनो. एक कधीतरी आधीच गेला असणार, आणि आम्हांला पत्ताच नाही.

त्या दिवसापासून हे काम मी अंगावर घेतलं. ह्यांनी आधी “तुला काय जमणार” म्हणून पाहिलं. पण मिक्सरचा प्लग बदलणाऱ्या बाईला हे अवघड नाही.

आधी दिवा पाहायचा कसा? मदतीला कोणी असेल तर ब्रेकवर पाय ठेवायचा आणि त्याला मागे उभं करायचं. आमच्याकडे सासूबाई उभ्या राहतात. एकटी असाल तर संध्याकाळी गाडी उलटी घेऊन भिंतीजवळ लावा. भिंतीवर दोन्हीकडे लाल उजेड पडतो की नाही ते आरशात दिसतं. आधी नुसते दिवे लावून पाहा, मग ब्रेक दाबून. उजेड ठळकपणे वाढला पाहिजे.

एकाच बाजूचा लागत नसेल तर बहुधा बल्ब. दोन्ही बाजूंचे गेले असतील तर बल्ब बघाच, पण फ्यूज आणि ब्रेकच्या पेडलपाशी असणारा छोटा स्विचही तपासायला हवा. कित्येक गाड्यांत ब्रेकचा दिवा आणि हॉर्न एकाच फ्यूजवर असतात. हॉर्नही मुका झाला असेल तर थेट फ्यूजकडे वळा. फ्यूज मात्र तेवढ्याच अँपिअरचा घालायचा. त्याच्या जागी चांदीचा कागद किंवा तार गुंडाळणारे महाभाग मी पाहिलेत. फ्यूज वाचतो, वायर तापते, आणि आतली गादी पेट घ्यायला वेळ लागत नाही.

बल्ब बदलताना दिवे बंद, किल्ली काढलेली, आणि बल्ब गार झालेला हवा. काही गाड्यांत लाल काच बाहेरून स्क्रूंनी बसवलेली असते, काहींत डिकीच्या आतून होल्डर फिरवून काढावा लागतो. बल्ब फडक्यात धरून थोडा आत दाबायचा, डावीकडे फिरवायचा, की बाहेर येतो. दुकानात जाताना जुना बल्ब बरोबर न्या. ह्या बल्बात दोन तारा असतात, पाच वॅटची टेलसाठी, एकवीस वॅटची ब्रेकसाठी. त्याच्या बुडाशी दोन टिकल्या असतात आणि कडेच्या दोन खिळ्या वरखाली. म्हणून तो एकाच बाजूनं बसतो. बसत नसेल तर जोर करू नका, अर्धा फेरा फिरवून बघा. इंडिकेटरचा एका तारेचा बल्ब बऱ्याच गाड्यांत तस्साच दिसतो, फसू नका.

बल्ब फुटला असेल तर कुणीतरी सांगतं, बटाटा खुपसून बूड काढा. बटाट्याच्या रसानं होल्डरला गंज चढतो. मी पक्कड वापरते.

आमची खरी परीक्षा पुढे होती. नवे बल्ब घातले. उजवा झक्क लागला. डावीकडे ब्रेक दाबला की लाल दिवा मिणमिणायचा आणि शेजारचा पिवळा इंडिकेटर उगीचच अंधुक पेटायचा! मी चक्रावले. मग गाडीच्या एका म्हाताऱ्या वायरमनांनी समजावलं. बल्बातून गेलेली वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाते. ह्या वाटेला ते अर्थ म्हणतात. ती वाट गंजली की वीज शेजारच्या बल्बातून वळसा घेते. मोरी तुंबली की पाणी दुसऱ्या जाळीतून वर येतं ना, अगदी तसं. कोकणातल्या पावसानं आमच्या होल्डरच्या बुडाशी हिरवट थर धरला होता, आणि काळ्या वायरीचा स्क्रू पत्र्याशी गंजला होता. बॅटरीची एक वायर सोडवून पॉलिश पेपरनं दोन्ही ठिकाणी चकचकीत केलं, जुन्या टूथब्रशनं पूड झाडली, स्क्रू घट्ट आवळला. दिवा ठणठणीत! काचेखालचं रबर चिरलं होतं, तेही बदललं, नाहीतर पाणी पुन्हा आत शिरलं असतं.

याच्या उलट, ब्रेक न दाबताही दिवा लागलेलाच राहात असेल तर पेडलपाशी वाकून पाहा. स्विच पेडलच्या ज्या छोट्या रबरावर टेकतो ते झिजून गळून पडतं. बऱ्याच गाड्यांत हा दिवा किल्ली काढल्यावरही चालू राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली. शिवाय मागच्याला तुम्ही थांबताय की नाही कळत नाही, म्हणजे धोका तोच. स्विच सरकवणं किंवा बदलणं मात्र गॅरेजवाल्याकडूनच करून घ्यावं. ब्रेकच्या पेडलशी आपण खेळू नये.

हल्ली एलईडी बल्बांची टूम आहे. पांढरा एलईडी लाल काचेआड गुलाबट, फिका दिसतो. जुन्या गाडीला जुन्याच पद्धतीचा बल्ब बरा, असं माझं मत. तो भेळेच्या एका पुड्याच्या पैशात मिळतो.

पंधरा वर्षं झालेल्या खाजगी गाडीची नोंदणी पुढे दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. त्या तपासणीत दिवे पाहतातच. पण आमच्या घाटात जे झालं ते दोन तपासण्यांच्या मधल्या काळात.

आता आमच्या डॅशबोर्डच्या खणात हिंगाच्या जुन्या डबीत दोन बल्ब, दोन फ्यूज आणि पॉलिश पेपरचा तुकडा असतो. दर रविवारी मी ब्रेक दाबते आणि सासूबाई मागून ओरडतात, “लागला गं!” परवा म्हणाल्या, “डावा जरा फिका वाटतो.” काच काढून बघितली, खरंच काळवंडला होता.