मीटरची साक्ष: हातातला ऑप्टिकल प्रोब निवडताना



मागच्या व्याख्यानात आपण साक्षीदाराबद्दल बोललो. दुसऱ्याच्या सांगण्यावर आपण विश्वास ठेवतो तो कशाच्या जोरावर, हा प्रश्न होता. आजचा विषय पाहून काहींना वाटलं असेल की सर रुळावरून घसरले. विजेच्या मीटरला समोरून चिकटवतात तो लहानसा प्रोब, आणि तो निवडायचा कसा! मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, मीटर नाही शिकवलं. पण प्रश्न तोच आहे, फक्त साक्षीदार बदललाय.

माझा एक जुना विद्यार्थी मीटर रीडिंगची छोटी एजन्सी चालवतो. काही वर्षांपूर्वी त्याने ऑनलाइन बघून, सगळ्यात स्वस्त होते म्हणून, एकदम वीस प्रोब घेतले. ऑफिसात टेबलावर सगळे चालले. बाहेर गेल्यावर काही चालेनात. यंत्रमागाच्या एका गावात एक मीटर पश्चिमेच्या भिंतीवर, उंच पेटीत होता. बावीस वर्षांचा मुलगा दुपारी चार वाजता शिडीवर चढला. प्रोब लावला, उत्तर येईना. फोन केला तर वरून सांगितलं, ‘डिस्प्ले बघ आणि हाताने टाक.’ काचेवर धूळ, डोळ्यावर ऊन. मॅक्झिमम डिमांड होती ३८ केव्हीए, त्याने ८८ टाकली. कारखान्याची मंजूर मागणी होती ५०. मालकाला दंडासकट बिल आलं.

तीन महिने भांडण चाललं. शेवटी दुसरा, नीट चालणारा प्रोब लावून मीटरच्या आतली नोंद काढली, तेव्हा ३८ निघाले. मालकाचे पैसे पुढच्या बिलात वळते झाले. मुलाचं काम मात्र पहिल्याच महिन्यात गेलं होतं. ते काही परत मिळालं नाही.

आता मला सांगा, चूक कोणाची? आकडा चुकला मुलाचा, हे खरं. पण त्याला हाताने आकडा टाकायची वेळ कोणी आणली? ती चूक खरेदीच्या दिवशी झाली होती. ‘मला आधी का नाही विचारलंस?’ असं मी विद्यार्थ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, ‘सर, तुम्हाला यातलं काय कळतं?’ ते बरोबरच होतं. म्हणून मी शिकायला बसलो.

प्रोब म्हणजे काय, ते आधी पाहू. मीटरच्या पुढच्या बाजूला एक लहान गोल जागा असते, तिथे दोन बारीक खिडक्या. एकीतून मीटर प्रकाशाने बोलतो, दुसरीतून ऐकतो. हा प्रकाश डोळ्याला न दिसणारा, अवरक्त. मानकानुसार ८०० ते १००० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला. प्रोबलाही तसंच तोंड आणि तसाच कान, आणि मीटरला धरून राहायला चुंबक. तार जोडण्याऐवजी प्रकाश का? कारण मीटर सीलबंद राहायला हवा, आणि वाचणाऱ्याच्या हाताचा विजेशी कसलाही संबंध यायला नको. ही कल्पना मला फार आवडली. कुलूप न उघडता आतल्या माणसाशी बोलायचं.

बोलण्याची सुरुवातही मजेशीर आहे. जुन्या धाटणीच्या मीटरला प्रोब पहिल्यांदा पाठवतो ती तीन चिन्हं: तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह. म्हणजे ‘कोण आहे?’ मीटर उत्तरात आपल्या कंपनीची तीन अक्षरं सांगतो, आपण किती वेगाने बोलू शकतो ते सांगतो, आणि मग संवाद सुरू होतो. डीएलएमएस पद्धतीचे काही मीटर ही ओळख न करता थेट आपल्या भाषेत बोलायला लागतात.

इथेच निवडीची पहिली पायरी येते. प्रोब तुमच्या मीटरच्या जातीचा आहे का? आपल्याकडचे मीटर आयईसीच्या घराण्यातले. प्रोबच्या डोक्याचा आकार, चुंबक, खिडक्यांची जागा हे सगळं आयईसी ६२०५६-२१ या २००२ च्या मानकात आहे. आधी त्याला ११०७ म्हणत आणि कामावरची माणसं अजूनही तेच म्हणतात. आपल्या मीटरनी कोणती माहिती कशा रूपात द्यायची, ते आयएस १५९५९ मध्ये आहे. अमेरिकेतलं मानक वेगळं, एएनएसआय सी१२.१८. फोटोत दोन्ही प्रोब काळे आणि गोलच दिसतात, पण मीटरवर बसवायला गेलं की भाऊबंदकी कळते. तेव्हा खरेदीच्या कागदावर मानकाचं नाव लिहून घ्या. ‘सगळ्या मीटरला चालतो’ हे विक्रेत्याचं वाक्य झालं, ते लेखी कबुली नव्हे.

दुसरी पायरी बसण्याची. दोन खिडक्या शेजारी शेजारी असतात. प्रोब उलटा लावला तर तोंडासमोर तोंड आणि कानासमोर कान येतो, दोघंही ऐकणार काय? वायर खाली लोंबते ती सुलट बाजू. हे नव्या मुलाला पहिल्या दिवशी दाखवावं लागतं. चुंबक असा हवा की वायरच्या ओझ्याने प्रोब सरकू नये. पण भरमसाट शक्तीच्या चुंबकाच्या मागे लागू नका. आजचे मीटर बाहेरच्या चुंबकाची नोंद छेडछाड म्हणून ठेवतात. आपण साक्ष काढायला जायचं आणि साक्षीदारावर दबाव आणल्याची नोंद करून यायचं, हे नको.

तिसरी पायरी उन्हाची, आणि आमच्या त्या मुलाची. उन्हातही अवरक्त प्रकाश असतो. तो कडेने आत शिरला की प्रोबचा कान बधिर होतो. भर बाजारात कुजबुज ऐकू येत नाही, तसं. प्रोबची कड मीटरच्या काचेवर सपाट टेकते का, आतला भाग काळा आणि खोल आहे का, ते पाहा. टेबलावरची चाचणी चाचणीच नव्हे. पश्चिमेच्या भिंतीवरच्या मीटरपाशी दुपारी चारला जा.

चौथी पायरी, प्रोब मोबाइलला किंवा लॅपटॉपला जोडायचा कसा. यूएसबीची वायर असेल तर आतली चिप विचारा. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटमधून आला, आणि त्याने नकली चिपांचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला. काल चालणारी वायर आज मुकी! स्वस्त वायरीत नकली चिप असू शकते, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं. मोबाइलला जोडणार असाल तर ओटीजी चालतं का, ते तुमच्याच हँडसेटवर बघा.

ब्लूटूथ शिडीवर फार सोयीचं, लोंबणारी वायर नाही. पण दोन गोष्टी तपासा. एक बॅटरी: दिवसभराचं काम एका चार्जिंगमध्ये होतं का? दुसरी जरा बारीक आहे. मीटरशी ओळख ३०० च्या वेगाने होते आणि मग दोघं वेग वाढवतात. वायरमध्ये हा बदल मोबाइलमधला प्रोग्रॅम करतो. ब्लूटूथमध्ये तो प्रोबने स्वतः ऐकून, वेळेवर करावा लागतो. ज्याला हे जमत नाही, तो ओळख करून घेतो आणि गप्प बसतो.

वेग का हवा? साधा हिशोब करू. साठ दिवसांचा लोड सर्व्हे, दर अर्ध्या तासाला एक नोंद, म्हणजे ४८ गुणिले ६०, २८८० नोंदी. एका नोंदीला वीस अक्षरं धरली तर ५७,६०० अक्षरं. ३०० च्या वेगाने सेकंदाला ३० अक्षरं येतात, म्हणजे ३२ मिनिटं. ९६०० च्या वेगाने एक मिनिट. मधली विचारपूस धरून थोडं जास्त. बत्तीस मिनिटं शिडीवर कोण उभं राहणार? तो माणूस मध्येच प्रोब काढणार, आणि आकडा पुन्हा हातावर येणार.

आता शेवटची पायरी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. जमलं नाही, तर प्रोब तसं सांगतो का?

न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलंय, पण ते आप्ताचं. वात्स्यायन आप्त कोणाला म्हणतो? ज्याने गोष्ट जशी आहे तशी जाणली, आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे, असंही तो म्हणतो. म्हणजे जात, कूळ, प्रतिष्ठा बघू नका. जाणणं आणि सांगणं बघा. यंत्राला इच्छा नसते, हे मला कळतं. पण यंत्र आणि त्याचा प्रोग्रॅम बनवणाऱ्याला असते, आणि विकत घेणाऱ्यालाही असते.

मीटर माहिती पाठवताना तुकड्यामागे ताळा पाठवतो. शाळेत गुणाकाराचा ताळा करायचो ना, तसाच. ताळा जुळला नाही तर चांगला प्रोग्रॅम ती माहिती टाकून देतो आणि पुन्हा मागतो. वाईट प्रोग्रॅम अर्धी फाइल ठेवतो आणि हिरवी खूण दाखवतो. आणखी एक गंमत बघा. प्रोबचा प्रकाश मीटरच्या काचेवर आपटून त्याच्याच कानात परत येतो. कच्चा प्रोग्रॅम आपलाच आवाज ऐकून समजतो की मीटर बोलला! असं माणसांचंही होतं, पण तो विषय निराळा.

म्हणून विकत घेण्यापूर्वी मुद्दाम अपयश घडवून बघा. डाउनलोड चालू असताना प्रोब काढा. फाइल राहते का, राहिली तर ‘अपुरी’ असा शिक्का पडतो का? मीटर नंबर आणि वेळ मीटरकडूनच येते, की माणसाला टाइप करावी लागते? हाताने टाकलेला आकडा फाइलमध्ये वेगळा ओळखू येतो का? त्या मुलाच्या ८८ वर ‘हाताने टाकलेला, प्रोब चालला नाही’ एवढी खूण असती, तर बिल निघण्याआधी कोणीतरी पुन्हा बघायला गेलं असतं.

माझ्या विद्यार्थ्याने पुढे काय केलं, ते सांगतो. भागातल्या मीटरच्या कंपन्यांची यादी केली. तीन प्रकारचे दोन-दोन प्रोब आणले. ते महिनाभर त्या रीडर मुलांच्याच हातात दिले आणि निवड त्यांना करू दिली. मुलांनी सगळ्यात महागही घेतला नाही आणि सगळ्यात वेगवानही नाही. वायर जिथे डोक्याला मिळते तिथे जाड रबर असलेला त्यांनी घेतला. का? तर वायर तिथेच तुटते. हे मला पुस्तकात सापडलं नव्हतं.

प्रश्नोत्तरांतले दोन प्रश्न:

स्मार्ट मीटर आल्यावर प्रोब लागणारच नाही ना?

कमी लागेल. स्मार्ट मीटर दुरून माहिती पाठवतात. पण आपल्या स्मार्ट मीटरच्या मानकात, आयएस १६४४४ मध्ये, ऑप्टिकल पोर्ट ठेवलेलाच आहे. रेंज गेली, किंवा बिलावरून वाद झाला, की मीटरपाशी जाऊनच विचारावं लागतं. उलट तेव्हा प्रोब जास्त जपून निवडायला हवा, कारण तो रोजच्या कामाचा न राहता फक्त वादाच्या दिवशी बाहेर येईल.

प्रोब चालतोय की बिघडलाय, हे जागेवर कसं ओळखायचं?

मोबाइलचा कॅमेरा प्रोबच्या तोंडासमोर धरा आणि रीडिंग सुरू करा. बऱ्याच कॅमेऱ्यांत अवरक्त प्रकाश जांभळट लुकलुकताना दिसतो. दिसला तर तोंड शाबूत आहे. मग प्रोबवर कापड किंवा हाताची सावली धरून परत लावा. सावलीत चालला तर दोष उन्हाचा. तरीही नाही चालला, तर ‘चालला नाही’ असं लिहा आणि खाली उतरा. अंदाजाने आकडा टाकू नका, आणि वरिष्ठ असाल तर टाकायला सांगूही नका.